होमस्टेच्या वायफायवर फायरफॉक्सचा एचटीटीपीएस-ओन्ली मोड

मालवण-तारकर्लीपासून गुहागर-हर्णैपर्यंत होमस्टेचं बुकिंग, आंबापेट्यांच्या ऑर्डरी आणि बँक हे सगळं बऱ्याच घरांत एकाच लॅपटॉपवर चालतं, तेही पाहुण्यांना दिलेल्याच वायफायवर. तिथे फायरफॉक्स ब्राउझरचा एचटीटीपीएस-ओन्ली मोड ही फुकटची सोय पहिल्या दिवशी चालू करावी. एचटीटीपीएस म्हणजे साइटशी होणारी देवाणघेवाण वाटेत कुणाला वाचता येऊ नये अशी कुलूपबंद जोडणी, एचटीटीपी म्हणजे तीच उघडी. नोव्हेंबर २०२० मध्ये फायरफॉक्स ८३ सोबत ती आली, पण आपणहून चालू होत नाही. नुसता फायरफॉक्स हल्ली आधी एचटीटीपीएस करून बघतो आणि नाही जमलं तर गुपचूप एचटीटीपीवर उतरतो. हा मोड थांबून विचारतो. खरी किंमत त्या थांबण्याची आहे.

वर उजवीकडच्या तीन रेघा, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी. खाली एचटीटीपीएस-ओन्ली मोडमध्ये 'ऑल विंडोज' निवडा. झालं.

अडतं ते पुढे. रिसॉर्टच्या वायफायचं लॉगिन पान काही वेळा उघडत नाही, कारण राउटरला तुमची विनंती मध्येच अडवून त्या पानाकडे वळवायची असते आणि एचटीटीपीएस ते करू देत नाही. 'ओपन नेटवर्क लॉगिन पेज' हे बटण दिसलं तर ते दाबा. नाहीतर नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही मुद्दाम फक्त एचटीटीपीवर चालणारी साइट उघडून 'कन्टिन्यू टू एचटीटीपी साइट' करा. लॉगिन सोडून तिथे काही भरू नका.

सगळ्याच साइट एकदम नाकारल्या गेल्या तर आधी संगणकाची तारीख बघा. पावसाळ्यात वीज सारखी जाते, जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ हा बटणासारखा सेल संपलेला असला की घड्याळ मागे जातं आणि चांगली सर्टिफिकेटंही (साइटची ओळख पटवणारे मुदतीचे दाखले) अवैध ठरतात. सेल बदला, तारीख लावा.

बागेतल्या जुन्या कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) उघडताना फायरफॉक्स 'अनसपोर्टेड व्हर्जन' म्हणतो, कारण त्या डब्याला टीएलएस (एचटीटीपीएसमागचं कुलूप) १.० किंवा १.१ एवढंच येतं आणि ती दोन्ही मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाली. त्याच्यासाठी अबाउट:कॉन्फिग या फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जच्या पानावरचा टीएलएस व्हर्जन मिन (कमीत कमी चालणारी आवृत्ती) ३ वरून १ वर आणायचा सल्ला मिळतो. अजिबात ऐकू नका. ती ढील बँकेच्या साइटलाही लागू होते. ३ म्हणजे टीएलएस १.२, तो तसाच राहू द्या आणि डीव्हीआरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा.

बनावट बुकिंग साइट मात्र हा मोड ओळखत नाही. सर्टिफिकेट त्यांनाही फुकट मिळतं, तेव्हा पत्त्याशेजारी कुलूप दिसलं तरी पत्त्याचं स्पेलिंग वाचाच.

सेटिंग्जच्या त्याच प्रायव्हसी पानावर डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता शोधणं, इथे ते कुलूपबंद जोडणीतून होतं. रेंज येत-जात असेल तिथे 'मॅक्स प्रोटेक्शन' नको, सुरक्षित सर्व्हर लागला नाही की साइट अडते. 'इन्क्रीज्ड' ठेवा, अडलं तर तो नेहमीच्या डीएनएसवर जातो.