डायकॉर लॅप सीलंट: ट्रेलरच्या व्हेंट पाइपसाठी कितपत उपयोगी?

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घराच्या, छपरावरील जोड बुजवण्यासाठी डायकॉर कंपनीचे लॅप सीलंट (जोडांवर ओतायचा चिकट लेप) सर्रास वापरले जाते. मैलापाण्याच्या टाकीतला वायू छपरावर सोडणारा व्हेंट पाइप नव्याने बसवताना मीही तेच वापरले. पाणी अडवण्याचे काम ते चोख करते. मात्र दुर्गंधी अडवण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

१०.३ औंसांची नळी साध्या कॉकिंग गनमध्ये (नळी दाबून सीलंट बाहेर काढणाऱ्या अवजारात) बसते. सीलंट स्वतःहून पसरून सपाट होते आणि स्क्रूची डोकी झाकून टाकते. पावसाळ्याआधी गच्चीच्या भेगांत डांबर ओतणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल, फरक इतकाच की हा थर वाळल्यावरही लवचिक राहतो आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सहसा तडकत नाही. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या छपरावर तो घट्ट धरतो. सिलिकॉन तेथे नीट चिकटत नाही आणि त्याच्या अवशेषांवर पुढचा कोणताही थर बसत नाही, त्यामुळे ते स्वस्त पडले तरी टाळावे. पेट्रोलियमयुक्त द्रावकानेही हे रबर फुगते, हे छप्पर पुसताना ध्यानात असावे. उभ्या भागावर मात्र हे सीलंट ओघळते. तेथे याच कंपनीचा न ओघळणारा प्रकार घ्यावा.

छपरातले भोक बहुधा पाइपापेक्षा मोठे कापलेले असते आणि वरच्या टोपणाखाली ती फट दिसत नाही. पाइपाच्या तोंडातून निघालेला वायू टोपणाखाली अडखळला, की याच फटीतून छताच्या पोकळीत उतरतो आणि तेथून खोलीत येतो. बाहेरून सीलंटचे कितीही थर दिले तरी हा मार्ग बंद होत नाही. म्हणून टोपण बसवण्यापूर्वी फट कमी फुगणाऱ्या फोमने भरावी आणि पाइपाचे तोंड छपरापासून साधारण दोन इंच वर ठेवावे. खालचे टोकही तपासावे: टाकीच्या भोकात बसवलेल्या रबरी कड्यातून (ग्रोमेटमधून) पाइप टाकीत फार खोल घसरला असेल, तर टाकी भरत येताच ते टोक बुडते आणि वायू शौचकुपातून वर येऊ लागतो. कारखान्यातच घाईने बसवलेल्या पाइपांत असे दोष आढळतात, हे नवा ट्रेलर घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

टोपणाच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) हवीच. सीलंट हा तिच्यावरचा दुसरा पहारा आहे. काम ५० अंश फॅरेनहाइटपेक्षा अधिक तापमानात करावे. वरची साय काही तासांत धरते, आतपर्यंत वाळायला महिनाही लागू शकतो. जुना थर घट्ट चिकटलेला असेल तर खरवडण्याचा खटाटोप नको, स्वच्छ करून त्यावरच नवा द्यावा. एका पाइपाला एक नळी पुरेशी होते, परंतु उघडलेली नळी फार काळ टिकत नाही, त्यामुळे छपरावरचे इतर जोडही त्याच दिवशी तपासून घेणे परवडते.