पॅड बदलल्यावर हायब्रिडचा ब्रेक बिघडला, अक्कलकोट रोडच्या गॅरेजमध्ये नीट झाला

हायरायडर, ग्रँड विटारा, हायक्रॉस, सिटी हायब्रिड असल्या (पेट्रोल इंजिनासोबत इलेक्ट्रिक मोटर असलेल्या) गाड्या आता सोलापुरात बऱ्याच दिसायला लागल्यात, पण त्यांच्या ब्रेकला नीट हात लावणारा माणूस शोधताना जीव मेटाकुटीला येतो, म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितोय.

आमच्या हायब्रिडचे पुढचे ब्रेक पॅड (चाकाच्या डिस्कला घासून गाडी थांबवणारे) दुसरीकडे एका ठिकाणी बदलून घेतले (नाव लिहीत नाही) आणि तिथून त्रास सुरू झाला. पेडल स्पंजासारखं मऊ, ब्रेक मारला की गाडी किंचित डावीकडं ओढायची, आणि सात रस्त्याच्या सिग्नलला थांबताना अगदी शेवटी कर्रर्र आवाज. पिवळा लाईट पण लागला. परत नेली तर त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसून दिला, दुसऱ्या दिवशी लाईट हजर! नवीन पॅड आहेत, आवाज येणारच, घासले की जाईल म्हणाले. घरातली माणसं बसतात ओ गाडीत, तुळजापूरचा घाट उतरायचा असतो, असं कसं चालेल?

मग मित्रानं अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूचं हे छोटं गॅरेज सांगितलं. पत्र्याचं शेड आहे, बसायला धड जागा नाही, मे महिन्यात तर भट्टीच. पण मेस्त्रींनी पाना हातात घ्यायच्या आधी स्कॅनर लावला, कोड वहीत लिहून घेतले आणि मला विचारलं, "सर, आवाज जोरात असताना येतो का थांबताना?" थांबताना म्हटल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला आत्तापर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं. हायब्रिडमध्ये हलका ब्रेक मारला की आधी मोटर गाडीला अडवते आणि बॅटरी चार्ज करते, पॅड खरं काम करतात ते जोरात ब्रेक मारल्यावर किंवा वेग अगदी कमी झाल्यावर. म्हणून पॅड लै वर्षं टिकतात, पण कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना न हलता तशाच जाम होतात. आणि घाट उतरताना बॅटरी फुल्ल झाली की मोटरचं अडवणं कमी होतं, मग पॅडवर भार वाढतो, म्हणजे पॅड कमी झिजतात म्हणून त्यांच्याकडं दुर्लक्ष करून चालत नाही.

चाक काढल्यावर मला बोलावून दाखवलं. डाव्या बाजूचा पॅड सगळा सारखा घासलेला, उजव्या बाजूच्या पॅडवर मात्र वरच्या कडेला बोटभर पट्टी चकाकत होती, बाकी पॅड कोराच. पिन हातानं हलेना, पक्कडीनं फिरवून काढली तर जुनं ग्रीस डिंकासारखं घट्ट झालेलं. उजवा ब्रेक अर्धवट धरतोय म्हणून गाडी डावीकडं ओढत होती. पॅड धरणाऱ्या क्लिपा पण जुन्याच परत बसवलेल्या, गंजलेल्या. पिना साफ करून ब्रेकचं वेगळं ग्रीस लावलं (साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं), क्लिपा नवीन टाकल्या, डिस्कची जाडी मोजली, ती चांगली होती म्हणून बदला म्हणाले नाहीत. डिस्क घालायचीच म्हणून बिल वाढवणारे पण असतात, त्यामुळं हे मला फार आवडलं.

पेडल मऊ होतं ते ब्रेक ऑइलच्या लाईनीत हवा गेल्यामुळं. साध्या गाडीत एकजण पेडल दाबतो आणि दुसरा निपल (हवा काढायचा छोटा स्क्रू) सोडतो तसं इथं नुसतं करून भागत नाही, स्कॅनरवरून ब्रेकचे पंप आणि व्हॉल्व्ह चालवून हवा काढावी लागते, त्यांनी तशीच काढली. आणखी एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा, काही हायब्रिडमध्ये गाडी बंद असली तरी नुसतं दार उघडलं की ब्रेकचा पंप घुर्र करून प्रेशर बनवतो, पॅड काढलेले असताना असं झालं तर कॅलिपरचा पिस्टन बाहेर येऊ शकतो, बोट पण सापडू शकतं. म्हणून काम करताना चावी लांब ठेवायची, दारं उघडझाप करायची नाहीत आणि सिस्टीम सर्व्हिस मोडला टाकायची. मागच्या चाकाला इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तिथं पण सर्व्हिस मोड लागतो, पिस्टन जबरदस्तीनं दाबला तर हँडब्रेकची मोटर खराब होऊ शकते.

शेवटी मेस्त्री स्वतः सोबत आले, मोकळ्या रस्त्यावर मागंपुढं कोणी नाही बघून गाडी न्यूट्रलला घेतली (न्यूट्रलमध्ये मोटर अडवत नाही, सगळं पॅडवरच येतं) आणि मध्यम ब्रेक मारून पॅड सेट केले, मधे थंड होऊ दिले. आता पेडल वरच्या वर धरतं, ओढत नाही, आवाज बंद, लाईट परत आला नाही. तुळजापूरला जाऊन आलो, घाटात एकदम व्यवस्थित.

बिल मला वाजवी वाटलं, लेबर आणि सामान वेगळं लिहून दिलं, जुन्या क्लिपा पण हातात दिल्या. कमी एवढंच की सामान त्यांच्याकडं स्टॉकमध्ये नसतं, मागवावं लागतं, आणि स्कॅनर एकच आहे, त्यामुळं आधी फोन करून सकाळची वेळ घ्या आणि गाडी दिवसभर ठेवायच्या तयारीनं जा.