केळकर संग्रहालयात आईला घेऊन गेले तेव्हा

मागच्या रविवारी आईला घेऊन पुण्यात शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेले. शाळेत असताना सहलीला आलो होतो, तेव्हा काही विशेष वाटलं नव्हतं. कसं वाटणार? तशाच समया, तसेच अडकित्ते आमच्या वाड्यात रोजच्या वापरात होते.

आमचा वाडा सदाशिव पेठेतला. आम्ही भाडेकरू. दोन खणांची जागा आणि भाडं महिना १८ रुपये. एवढ्या भाड्यात मालक दरवर्षी कौलं कुठून चाळून घेणार? त्यात वारस अकरा, भिंती मातीच्या, पावसाळा आला की एखादी तुळई खाली यायची. २००४ साली वाडा बिल्डरकडे गेला. पक्कं घर, घरात संडास, चोवीस तास पाणी आम्हालाही हवंच होतं, खोटं कशाला बोलू? पण पाडताना कुणी एक फोटो काढला नाही, चौकाचं माप घेतलं नाही. कोरीव खांब टेम्पोत पडले आणि वजनावर गेले. ते अजून सलतं.

म्हणून हे संग्रहालय मला फार मोठं वाटतं. दिनकर केळकर कवी होते, 'अज्ञातवासी' नावाने लिहायचे. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी हा संसार मांडला. गावोगाव फिरून दिवे, भांडी, दौती, पाय घासायच्या वज्री, कोरीव दारं, खिडक्या जमवल्या. वीस हजारांच्या वर वस्तू, आणि १९७५ साली सगळ्या सरकारला देऊन टाकल्या. कोथरूडचा मस्तानी महालही त्यांनी इथे आणून पुन्हा उभा केला. जागच्या जागी काही टिकत नाही हे या माणसाला किती आधी कळलं होतं! बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याचंच बघा. १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली ती तिथे. तोही इतका मोडकळीला आला की शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये पाडावा लागला. आता त्या जागी स्मारक व्हायचंय.

आई समया भराभर बघत पुढे गेली, कोरीव दरवाजांपाशी मात्र थांबली. १९६४ साली लग्न होऊन ती वाड्यात आली. मोठा दरवाजा फक्त लग्नामुंजीला उघडायचा, एरवी ये-जा त्यातल्याच छोट्या दारातून, दिंडीतून. दिंडी इतकी बुटकी की मान खाली घातल्याशिवाय आत पाऊल पडत नसे. परवा दरवाजासमोर उभी राहिली आणि तिने नकळत पदर सावरला, मान खाली घातली. मला म्हणाली, "वाक गं, डोकं आपटेल." मग स्वतःच भानावर आली. मी तिचा हात धरून ठेवला. दोघींनाही बराच वेळ बोलता आलं नाही.

माझ्याकडून पाचपैकी पाच. तास-दीड तासात उरकायचं ठिकाण नाही, सकाळ मोकळी ठेवा. वाड्यात राहिलेलं कुणी घरात असेल तर त्यांना आवर्जून न्या आणि त्यांच्या पायानं चाला. मजले चढावे लागतात, गुडघे दुखत असतील तर मधे मधे बसवा. आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. आईने परतताना आमच्या वाड्याच्या खोल्या एकेक करून सांगितल्या, देवघरातल्या कोनाड्यांसकट. मी रिक्षातच पावतीच्या मागे नकाशा काढून घेतला. हौद कुठल्या कोपऱ्यात होता ते तेवढं तिला आठवत नाहीये.