बेळगावात जन्मलेली मापाची पिशवी: एका निवृत्त नर्सबाईचा अभिप्राय

ब्रास-व्ही ड्रेप, म्हणजे बाळंतपणानंतर अंगावरून जाणारं रक्त मोजायची पिशवी. माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा का कापला ते पुढं सांगते.

वस्तू दिसायला काहीच नाही. पारदर्शक प्लास्टिक, वर कमरेला बांधायचे पट्टे, खाली निमुळती होत गेलेली पिशवी आणि तिच्यावर मिलिलिटरच्या रेघा. बाळ आलं, पाणमोटीचं पाणी वाहून गेलं की बाळंतिणीच्या खाली ही सरकवायची, पट्टे बांधायचे आणि पिशवी खाटेच्या कडेवरून खाली सोडायची. अंगावरून जाणारं रक्त तिच्यात उतरतं, आपण रेघ वाचायची. बॅटरी नाही, चार्जिंग नाही. आमच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडं पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल त्याचा नेम नसतो. तिथं टॉर्चच्या उजेडात वाचता येणारी वस्तू म्हणजे काय, हे मशीन विकणाऱ्यांना कळायचं नाही.

मी एएनएम (उपकेंद्रातली, खेड्यात बाळंतपणं करणारी नर्स) म्हणून लागले तेव्हा रक्त मोजायचं साधन म्हणजे डोळा. खाली गोणपाट, त्यावर जुन्या लुगड्याची फडकी. थोडं गोणपाट पितं, थोडं सारवलेली जमीन पिते, उरलेलं दिसतं. सासू म्हणायची, "बाई, रगात लई जाऊलालंय काय की." शेजारची आज्जी लगेच, "जाऊ दे गं, आतली घाण जाऊलालीय, बरंच असतंय ते." दोघींत खरं कोण, हे ठरवायला माझ्याकडं बाईची नाडी आणि तिच्या ओठांचा रंग. अडचण अशी, की तरण्या बाईचं शरीर बराच वेळ सांभाळून घेतं. बीपी ठीक दिसतं, बाई बोलते, चहा मागते आणि मग एकदम ढासळते. त्यात आमच्याकडच्या बायका आधीच रक्तानं कमी. डेअरीत दूध घालताना आम्ही मापावरून भांडतो आणि बाळंतिणीचं रक्त मात्र अंदाजपंचे.

ही पिशवी नेहरूनगरातल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या संशोधनातून आली. केएलई संस्थेचं हे कॉलेज 1963 सालचं. बेळगावकरांना ते माहीत आहे ते मोठ्या दवाखान्यामुळं. माझ्या मते त्याचं खरं मोठं काम झालं ते दवाखान्याच्या बाहेर, खेड्यात. सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 या काळात अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर त्यांनी जिल्ह्यात एक चाचणी केली. प्रश्न साधा होता: घरी किंवा उपकेंद्रात, डॉक्टर नसताना, बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाशय आकसवणाऱ्या औषधाच्या गोळ्या तोंडानं दिल्या तर रक्तस्राव कमी होतो का? 1620 बायका होत्या आणि बाळंतपणं केली, गोळ्या दिल्या, रक्त मोजलं ते 25 एएनएमनी. मी त्यांत नव्हते. पण आमच्याच दर्जाच्या, सायकलीवर आणि एसटीनं फिरणाऱ्या बायकांनी ते केलं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

रक्त मोजायचं तर भरवशाचं माप पाहिजे, म्हणून ही पिशवी तयार झाली. नावातली अक्षरं ती बनवणाऱ्या सात जणांच्या नावांची आहेत. निकाल 2006 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 500 मिलीच्या वर रक्त जाण्याचं प्रमाण नकली गोळीवाल्या (तुलनेसाठी औषध नसलेली गोळी दिलेल्या) गटात 12 टक्के, खऱ्या गोळीवाल्यांत 6.4. दर 18 बायकांमागं एकीचा असा रक्तस्राव टळला. थंडी वाजणं, ताप येणं हे त्रास होते, पण तेवढ्यापुरते. पुढं 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी मिसोप्रोस्टॉल आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

नकली गोळीबद्दल आमच्या प्रशिक्षणात एकीनं विचारलंच होतं, मग ती मिळालेल्या 808 बायकांचं काय? प्रश्न रास्त आहे आणि मला तो आजही टोचतो. पण त्याआधी खेड्यातल्या घरी बाळंतिणीला असं औषध कोण देत होतं? आणि मोजमाप तरी दोन्ही गटांत सारखंच झालं. "आमच्यावर प्रयोग करूलाल्यात" म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगायची, की कागद वाचून घ्या, नको वाटलं तर नाही म्हणा, तुमचा उपचार थांबत नाही.

आता डोळ्याच्या अंदाजाबद्दल. इथंच 123 बाळंतिणींवर तुलना झाली. डोळ्यानं अंदाज केला त्या गटाची सरासरी सुमारे 203 मिली, पिशवीनं मोजलं त्या गटाची 302. म्हणजे नजरेला तिसरा हिस्सा दिसलाच नाही. हे वाचल्यावर मला आमच्या जुन्या रजिस्टरातले सगळे 'नॉर्मल' आठवले.

वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी. पाणी वाहून जाण्याआधी लावली की आकडा फुगतो, घाई करू नका. फडक्यात आणि पॅडमध्ये मुरलेलं रक्त पिशवीत येत नसतं, ते वेगळं वजन करा, एक ग्रॅमला एक मिली धरायचं. पिशवीचं तोंड नीट उघडलंय का बघा, चिकटलेलं असलं तर रक्त बाजूनं वाहतं. आणि पट्टे बांधताना बाईला सांगा कशासाठी ते, नाहीतर ती घाबरते.

सगळ्यात मोठा फायदा मला फोनवर दिसला. पूर्वी वरच्या दवाखान्यात फोन लावला की, "मॅडम, जास्त जातंय" म्हटल्यावर "किती जास्त?" आणि माझं तोडकंमोडकं कन्नड तिथंच अडायचं. पिशवी आल्यावर मी सरळ सांगायची, "मेडम, ऐनूर आगेदरी." पाचशे झालंय. पुढचे प्रश्न बंद, 108 निघालेली. घरच्यांचंही तसंच. "थोडं थांबून बघू" म्हणणाऱ्या सासऱ्यालाही भरत चाललेली पिशवी दाखवली की तो चपला शोधायला लागतो.

पण ही पिशवी रक्त थांबवत नाही, हे सांगायला हवं. 2023 साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 दवाखान्यांतल्या चाचणीचा निकाल आला. अशाच मापाच्या ड्रेपनं रक्तस्राव लवकर ओळखायचा आणि लगेच गर्भाशय चोळणं, औषधं, सलाईन हे सगळं एकदम सुरू करायचं. मोठा रक्तस्राव, त्यासाठी करावं लागणारं पोटाचं ऑपरेशन किंवा त्यानं होणारा मृत्यू, हे मिळून 4.3 टक्क्यांवरून 1.6 वर आले. जिथं नेहमीची पद्धत होती तिथं रक्तस्राव जेमतेम निम्म्या जणींत ओळखला गेला, ड्रेपवाल्या दवाखान्यांत 93 टक्के. म्हणजे पिशवी लावून रेघेकडं बघत बसलात तर पैसे वाया.

अर्धा तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. एक, काढताना. भरलेली पिशवी सोडवताना एकटीनं धरायची म्हणजे सांडतेच, मदतीला दुसरी बाई लागते आणि उपकेंद्रात ती नसते. शिवाय हे प्लास्टिक एकदाच वापरायचं, रक्तासकट त्याची विल्हेवाट हे वेगळंच काम.

दुसरी तक्रार वस्तूची नाहीच. अलीकडं भाचीच्या बाळंतपणाला एका खाजगी नर्सिंग होममध्ये गेले होते. तिथं विचारलं, "ड्रेप लावता काय?" तिथली पोरगी हसली, "मावशी, आम्हाला बघितल्यावर समजतं." मी पर्समधून माझी घेऊन गेले होते. डॉक्टरबाईंनी ती हातात घेतली, उलटून-पालटून बघितली आणि विचारलं, "कुठं मिळते ही?" त्या नर्सिंग होमपासून नेहरूनगर रिक्षाच्या अंतरावर आहे.