‘जुने कपडे नाका’ : बार्देसमधील एका चर्चच्या पूरमदत केंद्राचा अनुभव

२३ जुलै २०२१ रोजी गोव्यात म्हादई नदीने पात्र सोडले आणि सत्तरी व डिचोली भागांतील अनेक घरांत पाणी शिरले. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी सांगितले, आणि सुमारे हजार घरांची हानी झाल्याच्या बातम्या आल्या. दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर मदतीची आवाहने येऊ लागली, त्यांत आमच्या शेजारच्या गावातील चर्चचेही एक होते. मी ख्रिस्ती नाही, आणि त्या चर्चच्या आवारात फेस्ताखेरीज (चर्चच्या वार्षिक सणाखेरीज) माझे पाऊल कधी पडले नव्हते. तरीही घरापासून जवळ म्हणून तिथेच सामान द्यायचे ठरवले, आणि द्यायला म्हणून गेलो तो चार दिवस तिथेच राबलो. त्या चार दिवसांवरून हे लिहितो आहे.

पहिला अनुभव मात्र नकाराचा होता. गाडीच्या डिकीत कपड्यांची तीन गाठोडी भरून मी पोहोचलो. सभागृहाच्या दारात टेबलामागे एक वयस्क बाई वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी गाठोड्यांकडे एकदा पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, “मास्तर, जुने कपडे नाका.” कोकणीत ‘नाका’ म्हणजे नकोत. मला राग आला, हे कबूल करतो, चांगले धुऊन, घड्या घालून आणलेले कपडे होते. मग त्यांनी कारण सांगितले. पूर ओसरलेल्या गावांत वीज नसते आणि कपडे वाळवायला कोरडी जागाही नसते. जुन्या कपड्यांच्या ढिगातून मापाचे निवडायला माणसे अडकून पडतात, आणि निवडून उरलेला ढीग शेवटी रस्त्याच्या कडेला भिजत पडतो. त्याऐवजी नवे टॉवेल, चादरी, आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड आणा, असे त्यांनी सुचवले. गाठोडी घेऊन मी घरी परतलो आणि संध्याकाळी म्हापशाच्या बाजारातून दोन डझन टॉवेल विकत घेऊन पुन्हा गेलो. या वेळी वहीत नोंद झाली.

माझ्या मते या केंद्राचा सर्वांत मोठा गुण हाच होता. आलेले सगळे स्वीकारायचे आणि नंतर त्याखाली गाडून घ्यायचे, ही आपल्याकडील मदतकार्याची जुनी खोड. या मंडळींनी ती पहिल्या दिवसापासून टाळली. काय हवे याची यादी त्यांनी सत्तरीतील लोकांना फोन करून, त्यांच्याकडून विचारून तयार केली होती. म्हणूनच तीत तांदळापुढे ‘उकडे’ असे स्पष्ट लिहिलेले होते. या तांदळाची एकाच भांड्यात मीठ घालून पेज शिजवता येते आणि ती लहानांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना चालते. घरात एकच भांडे शिल्लक राहिलेल्या कुटुंबाला बासमतीचे काय कौतुक?

बाटलीबंद पाण्याबाबतही हेच. एका दुकानदाराने पाण्याची खोकी पाठवायची तयारी दाखवली, तेव्हा तिथल्या एका तरुणाने त्याच्यासमोर हिशेबच मांडला. मदतकार्यात माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरतात; पाच जणांच्या घराला ७५ लिटर लागते, आणि लिटरच्या बारा बाटल्यांचे खोके एका माणसालाही दिवसभर पुरत नाही. टँकर येतो, पण भांडीच वाहून गेल्यामुळे पाणी भरून ठेवायला काही नसते. म्हणून झाकणाच्या बादल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या द्या, असे त्याने सांगितले. दुकानदाराने चाळीस बादल्या दिल्या. दान देणाऱ्याला न दुखावता त्याचे मन वळवणे ही एक कला आहे, आणि ती या मुलाला आम्हा शिक्षकांपेक्षा चांगली साधली होती.

स्वयंसेवकांची व्यवस्था चर्चच्या नेहमीच्या रचनेवरच बेतलेली होती. गोव्यातील पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, वाड्यावाड्याचे लहान समुदाय असतात. प्रत्येक समुदायाला एक दिवस नेमून दिला होता, त्यामुळे पहिल्या दिवशी गर्दी आणि चौथ्या दिवशी शुकशुकाट, असा प्रकार झाला नाही. बाहेरून आलेल्या आम्हा पाच-सहा जणांना त्याच पाळ्यांत सामावून घेतले. कुणी आमचे आडनाव विचारले नाही, मदत कोणत्या धर्माच्या घरी जाते हेही कुणी पाहिले नाही. मला ट्रकबरोबर सत्तरीतल्या वाळपईकडे जायचे होते. परंतु पायाच्या अंगठ्याला जखम असल्याचे दिसताच मला उतरवण्यात आले. उंदरांच्या मुतामुळे पुराच्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, त्यामुळे गमबूट नसलेल्या किंवा पायाला जखम असलेल्या कुणालाही ते नेत नव्हते. कपड्यांपाठोपाठ मीही नाकारला गेलो आणि डाळीच्या पुड्या बांधायला बसलो.

आता उणिवा. पहिल्या दिवशी फिनेलच्या बाटल्या आणि ब्लीचिंग पावडर तांदळाच्या पोत्यांना लागून ठेवली होती. एक पिशवी फुटली आणि दोन पोती बाद करावी लागली. त्यानंतर खाण्याचे सामान व्यासपीठावर आणि साफसफाईचे व्हरांड्यात, अशी विभागणी झाली. ती आधीच व्हायला हवी होती.

दुसरी उणीव अधिक बोचणारी होती. पिशव्यांवरील सगळ्या चिठ्ठ्या रोमन लिपीतील कोकणीत होत्या. चर्चमध्ये हीच लिपी रुळलेली असल्याने कुणाच्या लक्षात आले नाही. पण सत्तरीतील आयाबाया मराठी शाळेत शिकलेल्या, त्यांना देवनागरी वाचता येते. पहिल्या फेरीत मीठ कुठले आणि धुण्याचा सोडा कुठला, हे पाहण्यासाठी पिशव्या फोडाव्या लागल्या, असे ट्रकवरच्या मुलांनी येऊन सांगितले. हे ऐकून दारातल्या बाईंनी माझ्या हातात मार्कर दिला आणि पुढचे दोन दिवस मी ‘मीठ’, ‘तूरडाळ’, ‘साबण’ लिहीत बसलो. चाळीस वर्षे फळ्यावर काढलेले अक्षर कामी आले.

रोख देणगीची पावती लगेच मिळे, वस्तूंची मात्र मागितल्याशिवाय देत नसत. व्यापाऱ्यांना ती मागून घ्यावी लागे. दुपारी एक ते चार केंद्र बंद असे आणि त्या वेळेत फोनही कुणी उचलत नसे. गोव्यात राहून याबद्दल तक्रार करणे व्यर्थ आहे. एक गंमतही नोंदवतो : कुणीतरी मोठ्या प्रेमाने चोरिसांची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या गोवन सॉसेजची, माळ आणून दिली होती. ती सत्तरीला पाठवण्यासारखी नव्हती आणि परत करणे बरे दिसले नसते, म्हणून रविवारी पाळीवरच्या मुलांनी ती पावाबरोबर संपवली.

अनेकांना आपले सामान चिपळूणला जावे असे वाटत होते, कारण तिथे आमच्याकडच्या पुराच्या आदल्याच दिवशी वाशिष्ठी नदीने हाहाकार माजवला आणि आमच्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक तिकडे आहेत. हे केंद्र फक्त सत्तरीसाठी होते. चिपळूणचे सामान ते घेत नसत आणि तसे दारातच सांगत.

केंद्र सकाळी नऊ ते एक आणि दुपारी चार ते सात उघडे असे. मी शेवटची चौकशी केली तेव्हा तांदूळ पुरेसे झाले होते. चटया, ताडपत्री, शाळेच्या वह्या आणि चिखल ओढायची फावडी यांची गरज होती. फावडी नवीच असावीत असे नव्हते, पण दांडा घट्ट बसवून आणायला सांगत.