शांघाय: आमच्या गल्लीतलं ज्येष्ठांचं भोजनालय

शेजारच्या ऐंशीच्या आजींबरोबर मी इथे आठवड्यातून तीनदा तरी जेवते. वाफवलेला मासा लुसलुशीत, मीठ बेताचं, भात मऊ.

ताटं नेणारा रोबो आला की आजी त्याला ‘श्याओ पंग्यौ’, म्हणजे छोट्या दोस्ता, अशी हाक मारून वाट देतात. पण घरी सोबतीला रोबो आणायचा विषय निघाला तेव्हा म्हणाल्या, “माझं दुखणं तो लेकाला कळवेल गं, पण पाठ कोण चोळणार?”

तक्रार एकच. मध्यंतरी ऑर्डर फक्त क्यूआर कोडवर घेत होते. आजी रिकामा ट्रे धरून ताटकळल्या, माझा जीव तुटला. ज्येष्ठांसाठी जुन्या पद्धतीही चालू ठेवा, असं सरकारने २०२० मध्येच बजावलंय! आता रोख घेणारी खिडकी पुन्हा उघडलीय. तिथल्या ताई आजींचं ताट स्वतः टेबलावर आणून देतात, रोबो रिकामा असला तरी.