ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: काही महिने वापरल्यानंतर

ईएलएम३२७ चिपवर चालणारा, गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा हा स्वस्त स्कॅनर पावसाळ्यात घेतला. स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडी तपासणीच्या) सॉकेटात बसवायचा आणि ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा. गाडी पेट्रोल. ॲव्हरेज घसरलं होतं, सायलेन्सरला काळी काजळी धरत होती. चेक इंजिनचा दिवा मात्र लागत नव्हता आणि बिघाडाचा कोडही एकही सापडला नाही.

या स्कॅनरची खरी किंमत मला इथेच कळली. कोड नसला तरी चालू आकडे दिसतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं इग्निशन सकाळी चालू केलं, इंजिन बंदच ठेवलं. अशा वेळी कूलंट आणि इंजिनात जाणारी हवा, दोन्हींचं तापमान बाहेरच्या हवेच्या आसपास हवं. कूलंट २८ अंश दाखवत होतं, हवा ६! नाशकात पावसाळ्यात ६ अंश कुठून येणार?

हवा गार म्हणजे दाट, म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो. २८ आणि ६ अंश केल्विनमध्ये मांडून ३०१ ला २७९ ने भागलं, तर फरक जवळजवळ ८ टक्के निघतो. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलात कायम करत असलेली टक्क्यांतली दुरुस्ती, तीही उणे ८ च्या आसपास अडकलेली होती. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर ती चूक सावरत होता, पण थंड इंजिन सुरू करताना किंवा जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर त्याचं चालत नाही. काजळी तिथूनच येत होती.

यापुढे स्कॅनर पुरत नाही, मल्टिमीटर लागतो. हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की उतरतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना तो अडीच किलोओहमच्या आसपास असतो. कपलर (तारांचा जोड) काढून थेट सेन्सरच्या पिनांवर मोजलं तर २८ अंशांनाही साडेचार आला, म्हणजे दोष सेन्सरचाच, वायरिंग निर्दोष. माझ्या गाडीत हा सेन्सर मॅप सेन्सरच्याच (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) चार पिनी डब्यात आहे, त्यामुळे अख्खा डबा बदलावा लागला. त्यानंतर सकाळचे दोन्ही आकडे जुळले आणि ट्रिम हळूहळू शून्याकडे आला.

हवेच्या तापमानाचा आकडा उणे ४० वर खिळलेला असेल तर सर्किट तुटलंय. कपलर काढून त्यातल्या सिग्नल आणि अर्थ या दोन तारा क्षणभर जोडाव्यात. आकडा एकदम वर उडाला तर दोष सेन्सरचा, जागचा हलला नाही तर तारेचा. चार पिनी कपलरवर मात्र वायरिंगचा नकाशा हातात असल्याशिवाय हे करूच नका, त्यात पाच व्होल्टची तारही असते.

तक्रारी आहेत. सॉकेटला कायम करंट असतो, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवावा लागतो, नाहीतर बॅटरी उतरते. साधं ब्लूटूथ आयफोनला चालत नाही, त्यासाठी वायफाय किंवा बीएलईवाला (ब्लूटूथ लो एनर्जी) घ्या. एअरबॅग आणि एबीएसचे कोड मला यात कधी दिसले नाहीत. एका वेळी चार-पाच आकडे लावले की स्क्रीन रेंगाळते, म्हणून मी हवा, कूलंट आणि ट्रिम एवढेच ठेवतो.